साक्षीदारांचा तास

"रिकामी बॅग रिकामीच दिसते, डॉक्टर," जनीन म्हणाली. "आत रद्दी कोंबा नाहीतर उशी. पोरांना लगेच कळेल."

डॉ. फेन्विक तिच्याहून अठरा वर्षांनी लहान होते. ते विचारात पडले. तास सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि वर्गात अजून हे दोघंच होते.

बेत साधा होता. नाट्यविभागातला एक मुलगा साडेअकराच्या सुमारास आत येणार, पहिल्या बाकावरची बॅग उचलून पळणार, आणि मग प्रत्येकाने काय पाहिलं ते लिहायचं. दरवर्षी निम्मा वर्ग चोराच्या कपड्यांचा रंगही धड सांगू शकत नसे. साक्षीदारावर किती विसंबावं हा धडा त्यातून आपोआप मिळे. त्या वेळी फेन्विक फळ्याकडे तोंड करून लिहीत राहणार होते. हे गुपित फक्त जनीनला ठाऊक होतं, कारण बॅग कोणाची तरी लागणार होती आणि वर्गात न घाबरणारं माणूस तेवढं एकच होतं.

जनीन ऑक्रॉइडने डॉनकास्टरच्या एका मोठ्या दुकानात एकोणीस वर्षं साध्या कपड्यांत फिरून चोर पकडले होते. दुकान बंद पडलं. मग एक्कावन्नाव्या वर्षी तिने गुन्हेगारीशास्त्राच्या फाउंडेशन वर्षात नाव घातलं. शाळेत ज्यांचं गाडं अडलं, त्यांना पदवीच्या दारापर्यंत आणून सोडणारं हे वर्ष. बाकीची पोरं अठरा-एकोणीसची. ती तिला इन्स्पेक्टर म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे.

"माझीच बॅग ठेवते," ती म्हणाली. "डबा आहे, छत्री आहे, वही आहे. वजन दिसेल."

"वही म्हणजे कोर्टाची?"

"तीच."

वर्षभर दर मंगळवारी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून तिने ती लिहिली होती. तिथे फोन बंद ठेवावा लागतो, म्हणून सगळं हातानेच. दुसरी प्रत नव्हती. वही आज चारच्या आत कार्यालयात द्यायची होती. ती दिली नाही, तर पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश नाही.

"ती तेवढी काढून ठेवा," फेन्विक म्हणाले.

"अहो, पोरगं अर्ध्या तासात परत आणून देणार. आणि हे बघा, माझ्या बॅगेला आजवर कोणाची हात लावायची छाती झालेली नाही."

फेन्विक हसले आणि विषय तिथेच संपला.

वर्ग भरला. जनीनच्या शेजारी कॅलम येऊन बसला. हा रग्बी खेळणारा, मैदानाच्या कडेने सुसाट धावणारा पोरगा. तासाला निम्मा वेळ तो पेंगत असे. उकाडा होता, म्हणून दार उघडं ठेवलं होतं. फेन्विक फळ्याकडे वळले.

साडेअकराला पाच कमी असताना एक पोरगा आत आला. करडं जाकीट, टोपी मागे टाकलेली. वर्ग चुकल्यासारखं त्याने घड्याळाकडे पाहिलं, वाकून बॅग डाव्या खांद्याला लावली आणि स्वतःचीच असावी तशी घेऊन चालू लागला. दारापर्यंत चालला, बाहेर पडल्यावर मात्र सुटला.

जनीन थक्क झाली. नाटकातली पोरं आरडाओरडा करतील, तोंडाला फडकं बांधून येतील, असं तिला वाटलं होतं. याने तर कमाल केली होती.

"इन्स्पेक्टर, तुझी बॅग." कॅलम बाकावरून उडी मारायच्या बेतात होता. दोन ढांगांत त्याने दार गाठलं असतं. जनीनने मागून त्याचा पट्टा धरला.

"खाली बस."

"अगं, तो चाललाय."

"जाऊ दे. बस म्हणते ना."

फेन्विक वळले. "कोणीही जागचं हलायचं नाही. कागद काढा. पंधरा मिनिटं. काय पाहिलं ते लिहा."

मग सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि वर्गभर हशा पिकला. कॅलम लाल होऊन खाली बसला.

पंधरा मिनिटांनी कागद वाचले गेले. जाकीट कोणाच्या मते निळं, कोणाच्या मते काळं. एकीने चोराला दाढी लावली. एकाने तर दोन चोर पाहिले. शेवटी जनीन उभी राहिली.

"करडं जाकीट, बाही कोपराशी उसवलेली. डावखुरा. उजव्या बुटाची टाच झिजलेली. आत येताना माणसांकडे पाहिलं नाही, आधी बाहेर जायचा रस्ता पाहिला."

फेन्विकांनी टाळी वाजवली. "ही साक्ष कुठल्याही कोर्टात टिकेल."

"चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, इन्स्पेक्टर," कॅलम पुटपुटला. "तू धरलं नसतंस, तर जिन्याआधीच आडवा केला असता त्याला."

"म्हणून तर धरलं, बाळा."

सगळे हसले, तीही हसली. सप्टेंबरात ती या वर्गात आली तेव्हा तिला फळ्यावरचं अर्धं कळत नव्हतं. आज तिला पहिल्यांदाच वाटलं, की आपण इथल्याच आहोत, आणि पुढची तीन वर्षंही निभावून नेऊ.

"पोरगं मात्र गुणी हं, डॉक्टर," ती म्हणाली. "दहापैकी दहा. इतकं खरं करायला कोणी शिकवलं त्याला?"

"मी त्याला भेटलेलोच नाही. सगळं ईमेलवर ठरलं," फेन्विक म्हणाले.

दारावर टकटक झाली.

"आलं बघा," फेन्विक म्हणाले, आणि जनीनने बॅग घ्यायला हात पुढे केला.

दारात एक लठ्ठ, घामाघूम मुलगा उभा होता. डोळ्यांवर भोकं पाडलेली काळी पट्टी, डोक्याला लाल रुमाल.

"सॉरी, बस चुकली," तो धापा टाकत म्हणाला. "कुठली बॅग पळवायचीय?"