पायांवरचा ताबा

सन चौपन्नच्या उन्हाळ्यात चाकणच्या बाजारात कांद्याच्या गाडीवरून पडून मुरारीचा कणा मोडला आणि कमरेखालचं अंग बधिर झालं. सहा महिन्यांनी एका सकाळी तानाबाई नवऱ्याचे पाय धूत होती, तेव्हा त्याचा गुडघा एकदम उसळला आणि तिच्या तोंडावर बसला. तिचा ओठ फुटला.

"पाय हालला," सासू हरखून म्हणाली आणि डॉक्टरांना बोलावून घेऊन आली.

डॉक्टरांनी तळव्यावरून किल्ली ओढली. पाय पुन्हा झटकन वर आला, पण मुरारीला काहीच कळलं नाही.

"हे बरं होणं नव्हे," डॉक्टर म्हणाले. "तळव्याला काही लागलं की पाय झटकायचं काम कण्यातल्या नसाच करतात. एरवी मेंदू वरून त्यांना आवरून धरतो. आता मोडलेल्या जागेखाली मेंदूचा हुकूम पोचत नाही."

"ऐकलंस?" मुरारी बायकोवर खेकसला. "म्या मारलं न्हाई. उगं तोंड पाडून बसलीस."

तानाबाईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "डाक्टर, ह्यांचा कणा धड हुता, तवा पाय मेंदूच्या ताब्यात हुतं?"

"पूर्ण ताब्यात."

मग ती नवऱ्याकडे वळली. "तुमी म्हनायचा, राग आला की पाय आपसूक उठतो, त्यात माजा काय दोस." तिनं पदरानं ओठ पुसला. "आजची लाथ माफ हाय. आधीच्या बारा वर्सांच्या समद्या तुमच्या."