हा अणू कोणता?

रेणूचं मॉडेल पडद्यावर फिरवताना सर मध्येच एखाद्या रंगीत गोळ्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हा अणू कोणता?" उत्तर देणारा अडखळला, की त्यांच्या भुवया वर जायच्या. त्या धाकाने प्रयोगशाळेतले सगळे अणूंचे रंग पाठ करूनच मीटिंगला येत. कॉम्प्युटर शिकून इकडे आलेल्या नव्या मुलीला मात्र लाल म्हणजे ऑक्सिजन आणि हिरवा म्हणजे क्लोरीन, हे काही केल्या लक्षात राहीना. शेवटी तिने सॉफ्टवेअरला जोडायचं एक प्लगइन गुपचूप लिहिलं. बटण दाबलं, की प्रत्येक गोळ्यावर अणूचं नाव उमटायचं. ती ते तपासत असतानाच सर मागे येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"सॉरी सर, काढून टाकते. रंग पाठ करते."

"काढतेस कुठे? आधी माझ्या मशीनवर टाक." सरांनी खुर्ची ओढली. "लाल आणि हिरवा मला सारखेच दिसतात गं. तुम्हालाच विचारून इतकी वर्षं निभावलं."

"आणि आम्हाला वाटायचं, तुम्ही परीक्षा घेताय!"

"म्हणून तर उत्तरं बरोबर यायची," सर खुशीत म्हणाले.