बांधावरची पाळत

नशिराबादचं सासर कायमचं सोडून मिसबाह पाचोऱ्याकडच्या एका तलावाकाठच्या लहान गावात नर्स म्हणून रुजू झाली आणि भाड्याच्या खोलीत राहू लागली. ड्यूटी संपली की ती तलावाच्या बांधावर जाऊन पाण्याकडे बघत बसायची. आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं, शेजारच्या अक्का रोज तिच्या मागोमाग येतात. हातात बादली असायची, पण ती कधी भरायच्या नाहीत. मिसबाह उठली की अक्काही उठायच्या. सासरच्यांनीच हिला पाळतीवर ठेवलं असणार, या विचाराने मिसबाहची झोप उडाली. तिने वाट बदलून पाहिली, तरी बाभळीआडून अक्कांचं लुगडं दिसलंच. शेवटी ती तरातरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “कोणी पाठवलं तुम्हाला माझ्या मागे? कोणाला खबर देता?” अक्का गडबडल्या. बादली खाली ठेवून म्हणाल्या, “कोनीच नही, सिस्टर. तुन्या पहिले त्या खोलीमा एक मास्तरीन राहे. तीबी रोज सांजले आठेच, ह्या बांधवर, येकटी बसे. एक दिन निसत्या तिन्या चपला सापडन्यात.” मिसबाहचा राग ओसरला. “अक्का, माझ्या मनात तसलं काही नाही हो. इथे बरं वाटतं, म्हणून बसते,” ती म्हणाली. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. “तीबी हाईच सांगे,” त्या म्हणाल्या. ओढणी आवरून मिसबाह परत बांधावरच्या दगडावर बसली आणि थोडं सरकून तिने अक्कांना जागा करून दिली.