टकला तीनदा मेला

पडद्यावरचा टकला दुसऱ्यांदा मेला, तशी द्रौपदाबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"हा मघाशी न्यूयॉर्कात मेला नव्हता का?"

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरातल्या त्या बाहेरच्या खोलीत सगळ्यांच्या माना टीव्हीकडं वळल्या. अमळनेरहून पाहुणे मुलगी बघायला आले होते. मुलगा अभिमन आणि त्याचे काका गुलाबभाऊ, दोघंच. त्यांच्यासमोर मुलीचे वडील सुकदेव फिटर, नव्या शर्टात घामाघूम. रंगीत टीव्ही मुद्दाम चालू ठेवलेला; नाहीतर पाहुण्यांना दिसणार कसा? केबलवाल्यानं भर दुपारी हिंदीत बोलणारा गोऱ्यांचा पिक्चर लावला होता. आभाळातून डोंगराएवढा दगड येत होता आणि पृथ्वीचे तीन तास उरले होते.

अभिमन केबलच्याच हापिसात कामाला. तो हसला.

"आजी, हे पिक्चर थेटरात लागतच नाहीत. टीव्हीसाठीच बनवतात, स्वस्तात. माणसं इनमीन दहा. तीच न्यूयॉर्कात मरतात, तीच लंडनात पळतात. कोट बदलला की गाव बदललं."

"आणि बघणाऱ्याला कळत नाही?"

"सगळे दगडाकडं बघतात. गर्दीकडं कोण बघतंय?"

पोरगा सरळ आहे, द्रौपदाबाईंनी मनात म्हटलं. पण सरळ पोराबरोबर आलेला माणूस सरळ असतोच असं नाही.

सुकदेवनं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "ही आमची आई. घरात हिच्या शब्दापुढं कुणी जात नाही." ते कुणालाही पटावं असाच बाईंचा थाट होता. कडक इस्तरीचं हिरवं लुगडं, ताठ मान, आणि समोरच्याच्या आरपार जाणारी नजर. शाळा दुसरीपर्यंतच, पण माणूस वाचायला त्यांना चष्मा लागत नसे. बघण्याचे कार्यक्रम तर त्यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे पाहिलेले. बैठकीत वजनदार बाईमाणूस नसलं की पाहुणे चहा पिऊन उठतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुकदेवच्या शैलाची दोन स्थळं अशीच उठून गेली होती. हे तिसरं. हेही गेलं असतं तर सुकदेव पार खचला असता.

शैला चहा घेऊन आली. अभिमननं आपली खुर्ची सरकवून पंख्याचा वारा सुकदेवकडं जाऊ दिला. पोरीनं ते पाहिलं. बाईंनी पोरीला पाहिलं.

"साखर कमी झाली वाटतं. आणते मी," म्हणत द्रौपदाबाई उठायला लागल्या.

"आजी, तुम्ही बसा, तुम्ही बसा," शैला घाईनं म्हणाली.

"मुलीचं वय काय म्हणालात?" गुलाबभाऊंनी गोड आवाजात विचारलं.

"एकोणीस," बाई ठामपणे म्हणाल्या.

"विसावं सरलं," सुकदेव त्याच दमात म्हणाला.

"आजीच्या लेखी नात वर्षभर लहानच असते, भाऊ. तुम्ही वीस धरा," बाईंनी सावरून घेतलं.

गुलाबभाऊ मनापासून हसले आणि पुन्हा पोह्यांकडे वळले. ते पोह्यातला एकेक शेंगदाणा वेचून बशीच्या कडेला रांगेत लावत होते. पोहे संपले, तसे सगळे शेंगदाणे त्यांनी तळहातावर घेतले आणि एकदम तोंडात टाकले.

द्रौपदाबाईंच्या हातातला कप थांबला. हे त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. हीच रांग, हाच तळहात.

"भाऊ, धुळ्याला येणं-जाणं असतं का?"

"फारसं नाही, अक्का."

"देवपुरात? संक्रांतीच्या सुमारास?"

"तिकडं आमचं कुणीच नाही." गुलाबभाऊंचा चहा बशीबाहेर सांडला.

पडद्यावर लंडन होतं. टकला निळा कोट घालून पळत होता, आणि बघता बघता तिसऱ्यांदा मेला.

तेवढ्यात बाईंना सगळं आठवलं. देवपुरातला असाच बघण्याचा कार्यक्रम. पिवळी खोली. मुलगा तलाठी होता, आणि शेंगदाण्यांची रांग लावणारा हा माणूस त्याचा मामा होता.

"भाऊ, हात धुवायला चला मागं," त्या उठल्या. एक दार उघडलं, ते मोरीचं निघालं. दुसरं उघडलं, ते मागच्या अंगणाचं.

नळाशी आल्यावर बाईंचा आवाज बदलला, भाषाही अहिराणी झाली.

"धुळ्याले मामा, आठे भुसावळले काका. खरं सांग, तो पोऱ्या तुना कोन शे?"

गुलाबभाऊ हातावर पाणी घेत राहिले. "कुणी नाही. आईबाप लहानपणीच गेले त्याचे. एकटं पोरगं दारात आलं तर पुढं बसायला पाट कोण देतंय? म्हणून आलो. अशी चार-दोन पोरं लागली माझ्यामुळं मार्गाला."

"मार्गाला! ढोंग करून? म्हणजे पाहुण्यांत एकही खरा नाही!"

"मुलगा खरा आहे, अक्का. त्याची नोकरी खरी, वागणं खरं. खोटा मी एकटा."

"एक खोटा असला तरी नासलं सगळं. आत्ता जाते आणि बैठकीत सांगते. असल्या घरात पोरगी द्यायची नसते."

बाई ताडताड पायरीपर्यंत गेल्या. आतून अभिमनचं काहीतरी बोलणं आणि शैलाचं हसू ऐकू आलं. त्या क्षणभर थबकल्या, पण पदर खोचून पुन्हा निघाल्या.

गुलाबभाऊंनी शांतपणे नळ बंद केला.

"सांगा की. माझं सांगून झालं की मी तुमचंही सांगतो. देवपुरात त्या दिवशी तुम्ही मुलीची आत्या होतात. यावलला दुसरीची मोठी आई, तेही कानावर आलंय. इथं सुकदेवच्या आई झालात." त्यांनी ओले हात झटकले. "मुलगी तरी खरी आहे ना, अक्का?"