हिरव्या फडक्यातलं नाणं

"हा फारच जड आहे," चारुलता म्हणाली आणि तिने लॅपटॉप काउंटरवर परत ठेवला.

"आई, आधीचा हलका होता तर त्याच्या कळा आवडल्या नाहीत. त्याच्या आधीचा सगळ्यात चांगला होता, तर म्हणे रंग नको." तन्वीने कपाळावरचे केस मागे सारले. "रंगावर कोण शिकतं गं?"

काउंटरमागच्या शमीम खाला हसल्या. "अम्मी लोगां ऐसेच रहते, बेटा. आराम से देखो."

अफझलगंजच्या मोठ्या ग्रंथालयामागचं हे दुकान तसं लहान. पण परदेशी शिकायला निघालेली मुलं लांबलांबून इथंच यायची, ती खालांमुळे. खरेदी झाली की खाला जाणाऱ्याच्या दंडाला हिरवं फडकं बांधायच्या. त्यात एक नाणं. इमाम जामिन. सुखरूप पोचल्यावर ते नाणं कुणा गरजवंताला देऊन टाकायचं. आत्ताच एक उंच मुलगा ते फडकं दंडावर घेऊन लाजत बाहेर पडला होता. त्याची आई पदराने डोळे पुसत मागोमाग गेली. चारुलताला त्या बाईकडे बघवलं नाही.

"किधर जारे?" खालांनी विचारलं.

"मँचेस्टर," तन्वी म्हणाली.

"पढने कू?"

"हौ. एक साल."

"माशाल्ला. एक साल तो यूं निकल जाता."

यूं निकलत नाही, चारुलताच्या मनात आलं. सतरा वर्षांची पोर एका वर्षात ओळखू येणार नाही इतकी बदलते. आणि ते बदलणं आईला फोनवर कळत नाही.

सकाळी भाकरी थापता थापता सासूबाई म्हणाल्या होत्या, "मला तर नसतं बाई जमलं, लेकराला असं सोडायला." मनकर्णाबाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. नवरा, अनिरुद्ध, काझीपेटला रेल्वेत. तो आठवड्यातून एकदा घरी यायचा, तोही पाहुण्यासारखा. तारनाक्याच्या त्या दोन खोल्यांत उरलेले दिवस या तिघीच. त्यातली एक कमी झाली की घर कसं दिसेल, हे चारुलता रोज मनात बघत होती.

मागच्या रविवारीही मायलेकी इथंच यायला निघाल्या होत्या. "डोकं दुखतंय," असं सांगून चारुलताने अर्ध्या वाटेतून रिक्षा परत फिरवायला लावली होती.

"खाला, पडदा मोठा पाहिजे. अक्षरं मोठी दिसली पाहिजेत," तन्वी सांगत होती. "आणि कॅमेरा एकदम साफ. हात हलवले तरी चित्र फाटायला नको."

"हात कशाला दिसायला पाहिजेत?" चारुलताने विचारलं.

"असू दे. आपल्या घरात सगळे हातांनीच बोलतात."

ते खरं होतं. चारुलता बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. घरीसुद्धा बोलताना तिची बोटं आपोआप चालायची.

तन्वीने चौकोनी पायांचा, तिकडच्या भिंतीत बसणारा प्लग निवडला. कानावर घट्ट बसणारा हेडफोन घेतला. "होस्टेलवर गलका असतो म्हणे." मग कळांवर चिकटवायच्या मराठी अक्षरांचं पाकीट उचललं.

"हे कशाला? तुला कुठं धड मराठी वाचता येतं?"

"म्हणून तर घेतेय." तन्वीने पाकीट बाकीच्या वस्तूंवर ठेवलं. "सगळं मराठीतच लिहायचं ठरलं की जबरदस्तीने शिकेन."

चारुलताला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. हे सगळं या पोरीने जमवलं होतं. संगणकावर अर्ज हिने भरला, निबंध हिने टाइप केले, मुलाखतीच्या दिवशी आजीचा टीव्हीसुद्धा हिनेच बंद करायला लावला. शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं तेव्हा जिन्यावर नाचली होती. आणि आपण इथं उभं राहून रंगाच्या खोड्या काढतोय. का, तर आज खरेदी झाली नाही तर जाणं पुढं ढकलता येईल. मग कदाचित कायमचंच.

"मागच्या रविवारी तुझं डोकं दुखत नव्हतं," तन्वी हळूच म्हणाली. तिने मान वर केली नाही.

वर्गात खोटं बोललेलं पोर चारुलताला चेहऱ्यावरून ओळखू यायचं. त्या पोराला कसं वाटत असेल, ते तिला आज कळलं.

"कशावरून?"

"डोकं दुखलं की तू दिवा बंद करून पडतेस. त्या दिवशी बरण्या घासत बसलीस."

खालांनी उगीचच दुसऱ्या खोक्यावरची धूळ पुसली.

"तनू, पुढच्या वर्षी गेलं तर नाही का चालणार?"

"पुढच्या वर्षी आजीच्या गुडघ्यांचं दुखणं निघेल. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काहीतरी. ते परत विचारणार नाहीत, आई."

"घरी कसं व्हायचं?"

"होईल. भाकरी करपेल, आजी बोलेल, होईल." तिने आईचा हात धरला. "आणि मी रडणार नाही. विमानतळावरसुद्धा नाही. तू रडलीस तर मात्र माझं सांगता येत नाही."

चारुलताने चष्मा काढून पुसला. मग पहिलाच लॅपटॉप, तो नकोशा रंगाचा, स्वतःच्या हाताने पुढं ओढला.

"हाच द्या," ती म्हणाली. "रंग चांगलाय."

खालांनी सगळं नीट बांधून दिलं. मग खणातून हिरवं फडकं काढलं, नाणं आत गुंडाळलं आणि ओठातल्या ओठात दुआ पुटपुटत तन्वीपुढं हात केला.

"आव बेटी, हाथ लाओ."

"मेरेकू नक्को, खाला. पढने कू अम्मी जारे," तन्वी म्हणाली आणि तिने आईच्या कुर्त्याची बाही हळूच वर सरकवली.