चोराला न येणारं उत्तर

खरवईत कोंडाजींच्या घरी कॉम्प्युटर आला, तसा चोरांचा धसकाही आला. लेक तेजल त्यांचं ईमेल खातं उघडत होती.

"बाबा, पासवर्ड विसरलात तर एक प्रश्न विचारतील. घरच्यांना सोपा, चोराला अवघड असा हवा. आईचं लग्नाआधीचं नाव ठेवू?"

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'राजाबाई' लिहिलं होतं ते कोंडाजींनीच. पण त्याआधीचं काही केल्या आठवेना. प्रश्न इतका सुरक्षित निघाला की घरधन्यालाही उत्तर येईना.

"त्यापेक्षा आपल्या पहिल्या बैलाचं नाव टाक. ते मी मेलो तरी विसरायचो नाही."

भाकरी थापता थापता राजाबाई आतून म्हणाल्या,


"टाक गं. त्याचं नाव यांनी बदललं नव्हतं."