दोघांची हवा

"वजन किती गं तुझं?" आपल्या दुकानातल्या नव्या सायकलच्या मागच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरला पंप लावत नेल्सनकाकांनी विचारलं.

"पन्नास."

काकांनी तेवढ्या वजनाला पुरेल इतकी हवा भरली. शर्वाणी नुसती सायकलवर बसली, तशी शॉक किती दबला ते दाखवणारी रबरी रिंग बोटभर सरकली. "बरोब्बर! आता डोंगरावर चालवून बघ. फक्त त्या कड्यावरून नको."

ती तिथेच गेली. दोन वर्षांपूर्वी सायकलसकट त्या कड्यावरून उडी घेताना तिचा नवरा गेला होता. टोकाशी तिची बोटं ब्रेकवर आखडली. तेवढ्यात मागून कुणीतरी हलकेच रेटलं, आणि सायकल उडून अलगद खाली टेकली.

"मागून जड वाटतेय, काका," दुकानात परतल्यावर ती म्हणाली.

काकांनी हवा मोजली. जरासुद्धा कमी झाली नव्हती. "पुन्हा बस बघू." ती बसताच रिंग सरसरत पार टोकाला गेली.

"एकशेवीस किलो? कुणाला डबलसीट घेतलंयस की काय?" काका हसले, आणि ते हसू तिथेच थिजलं. तिच्या नवऱ्यासाठी सत्तरची हवा तेच भरायचे.

शर्वाणी उतरली नाही. "दोघांची भरा, काका. ही सायकल आम्ही घेतोय."